शिलाईच्या आतला पांढरा

मी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते म्हणजे बाबांच्या रजेचे अर्ज आणि लग्नपत्रिकांवरचे पत्ते. माझी शाळा हिंदी होती. मराठी घरात बोलण्यापुरती, आणि तीही अर्धी हिंदीच. रग्बीवर लिहायचा तर मला काहीच अधिकार नाही. तो चेंडू मी आयुष्यात दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा माझ्या हातून निसटला. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मजकूर मागायला आलेल्या काकूंना मी नाहीच म्हटलं होतं. पण काल दुपारी एक बातमी आली आणि जुनी वही शोधून काढावी लागली. ती बातमी शेवटी सांगतो. आधी सांगितली तर त्या हिवाळ्यात माझ्या मनात काय चाललं होतं, ते मला खरं खरं लिहिता येणार नाही.

दुर्गजवळ कुरुदला आमच्या घरामागे आता एकच बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, उरली आहे. बाकीच्यांवर प्लॉटचे दगड आले, मग घरं आली. परवा त्या बांधीतलं धान कापलं. सकाळी दार उघडलं तर तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास आत आला, आणि पुढे धुक्यात खुंटांच्या रांगाच रांगा. दोन वर्षांपूर्वी अशा चार बांध्या होत्या. धान निघाल्यावर महिनाभर तिथे मुली रग्बी खेळायच्या, कारण शाळेच्या मैदानावर क्रिकेटवाल्यांचा हक्क होता. त्यांचे सर मुलींना आधी तणस पसरायला लावत आणि मग त्यावर पडायला शिकवत. धावणं, फेकणं नंतर. पहिला आठवडा फक्त पडणं. माझी धाकटी बहीण वैशू संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत तणसाच्या काड्या असायच्या, आणि आई त्या एकेक काढताना विचारायची, "पडायचंच होतं तं शाळेत कायले जाते? घरीच पडली असती."

आमच्या वस्तीला हा खेळ पहिल्या दिवसापासून संशयाचा वाटला. आधी चेंडूच गोल नाही. मेश्राम काका, म्हणजे आमचे शेजारी, कारखान्यात क्लार्क होते आणि वस्तीत कोणाचाही कागद आधी त्यांच्याकडे जायचा. ते धुऱ्यावर, बांधीच्या कडेला उभे राहून म्हणाले, "ही काय पपई घेऊन पळून राहिल्या का पोट्ट्या?" मग कळलं की या खेळात पुढे जायचं असेल तर चेंडू मागे फेकावा लागतो. आईनंही हे ऐकलं. "पुढं जायचं, आन् मागं फेकायचं?" ती म्हणाली. "शिकवणाऱ्याले तरी येते का हा खेळ, ते पाहा आधी."

शिकवणारे मरकाम सर. कोंडागाव बाजूचे, चाळिशीचे, बुटके, एका कानाची पाळी चुरगळलेल्या कागदासारखी. वैशूच्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस खेळ शिकवायला यायचे. बोलायचे अगदी कमी. ते एकेकाळी भारताकडून खेळले होते, असं मुली सांगत. हे सर स्वतः कधी म्हणाले नव्हते, आणि त्याचाही लोकांना संशय यायचा. जो खरंच देशाकडून खेळला तो सांगणार नाही का?

आम्ही लोक मुळात असे संशयी नव्हतो. पण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एक माणूस नोकरी लावून देतो म्हणून वस्तीतल्या सहा मुलांची मूळ प्रमाणपत्रं घेऊन गेला होता. तो परत आला नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिकलेले लोक असतात, त्यांना दहावीच्या मूळ गुणपत्रिकेची किंमत कदाचित कळणार नाही. आमच्याकडे ती लोखंडी पेटीत सर्वांत खाली, आईच्या लग्नाच्या साडीच्याही खाली असते. आणि त्या डिसेंबरात मरकाम सरांनी नेमकं तेच मागितलं. राज्याबाहेर निवडीचं शिबिर होतं, आठ दिवसांचं. वयाचा पुरावा म्हणून मूळ कागद लागणार होता. आमच्या बाजूच्या दोन मुली जाणार होत्या: वैशू, आणि कुम्हारीहून बसनं येणारी दुलारी.

बाबांनी मला बोलावलं. बाबा रेल्वेत पेंटर आहेत. दुर्ग लाइनवरच्या कितीतरी स्टेशनांच्या पाट्या त्यांच्या हातच्या आहेत, पण अक्षर त्यांना नमुन्यावरूनच काढावं लागतं. "तू कॉलेजात जाते," ते म्हणाले. "हा माणूस खरा हाय का खोटा, तू पाहून सांग. तू म्हणशील तं पाठवू. नाही म्हणशील तं नाही."

मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजात मला कोणी काही विचारत नसे. वर्गात हात वर करायचीही मला भीती वाटायची. घरात मात्र एकदम माझ्या शब्दावर बहिणीचं जाणं ठरणार होतं. मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

वैशूनं सरांना काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सर एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बांधीवर आले. तिच्यात जर्सी होती. पुरावा म्हणून एवढंच आणलं होतं. जर्सी जाड कापडाची, पांढरी, निळी कॉलर, पाठीवर अकरा नंबर. छातीवरचं चिन्ह धुऊन धुऊन निघून गेलं होतं. त्या जागी फक्त चिकटवल्याचा पिवळट ठसा.

"पांढरी?" मेश्राम काका म्हणाले. "इंडिया तं निळी असते."

सर म्हणाले, "उस मैच में सामने वाले भी नीले थे। घर हमारा था, तो रंग हमने बदला।"

धुऱ्यावर कोणी हसलं. काका हसले नाहीत, आणि त्यांचं न हसणं जास्त लागलं. "म्हणजे पाहुना आपल्या घरी आला," ते सावकाश म्हणाले, "आन् कपडे आपणच बदलायचे? आपल्याच घरी आपलाच रंग सोडायचा? असं कोण करते, भाऊ?"

सरांनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. त्यात एकही शब्द वाढवला नाही.

मग माझं काम सुरू झालं. माझ्या फोनची काच तेव्हा कोपऱ्यात तडकलेली होती आणि तिथे निळा रंग जरा हिरवट दिसायचा. तरी मी रोज कॉलेजच्या पायरीवर बसून भारताच्या रग्बी संघाचे जुने-नवे फोटो शोधायचो आणि वहीत लिहायचो. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. मला वाटलं होतं, देशाचा रंग एकच असेल, झेंड्यासारखा ठरलेला. तसं नव्हतं. एका फोटोत आकाशी, दुसऱ्यात शाईसारखा गडद. कुठे बाह्यांवर केशरी, कुठे बगलेखाली केशरी, कुठे नाहीच. जुन्या फोटोंत कॉलर आणि ढगळ कापड, नव्यात अंगाला चिकटलेलं पातळ कापड. रंगांना मी माझीच नावं दिली होती: "शाळेचा निळा", "रेल्वेच्या डब्याचा निळा", "कमी धुतलेला", "जास्त धुतलेला". कोणत्या वर्षीचा कोणता, हे कुठे नीट सापडत नव्हतं. एकाच वर्षीचे दोन फोटो दोन निळ्यांत असायचे. उन्हामुळे की कॅमेऱ्यामुळे, देव जाणे.

आता विचार करतो तर वाटतं, झेंड्यात निळा फक्त चक्रापुरता आहे. तोच सगळ्या अंगावर पसरून मुलं खेळायला उतरतात, आणि त्या निळ्याचीही दर काही वर्षांनी छटा बदलते. कापड बनवणारा बदलतो, फॅशन बदलते, कोणाला तरी वाटतं की या वर्षी जरा गडद बरा दिसेल. जो रंग स्वतःच जागेवर राहत नाही त्याला मी पंच करून ठेवलं होतं. पण तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा वही भरत होती, आणि वही भरली की माणसाला आपण खरं शोधतो आहोत असं वाटतं.

वहीत पांढरी जर्सी एकदाही आली नाही. फक्त एका फोटोत, दुरून काढलेल्या, एक संघ पांढरा होता आणि एक निळा. त्यापुढे मी लिहिलं आहे: "गडद निळा. समोरचे पांढरे."

मी सरांच्या बाजूनंही विचार केला, असं सांगायचा मला अधिकार आहे. मला वाटलं, जर्सी मुळात निळीच असेल आणि उडून पांढरी झाली असेल. सर उडालेल्या रंगाला लाजत असतील, म्हणून यजमान-पाहुण्याची गोष्ट सांगत असतील. तसं असलं तर माणूस खरा, गोष्ट खोटी. वैशू जाऊ शकेल. मी सरांकडून ती पिशवी एका दिवसासाठी मागून आणली आणि बाबांसमोर ठेवली, कारण रंग उडण्यातलं बाबांइतकं कळणारा माणूस मी पाहिलेला नाही. कोणत्या स्टेशनची पाटी किती उन्हाळ्यांनी पिकली ते बाबा गाडीच्या खिडकीतून सांगतात.

रविवारची सकाळ होती. बाबांनी हात धुतले, पुसले, अंगणात खाट उन्हात ओढली आणि जर्सी उलटी केली. "रंग पळते ना," ते म्हणाले, "तं वरून पळते. शिलाईच्या पोटात तो लपून बसते. कितीही धू." त्यांनी दाढीचं पातं आणवलं आणि खालच्या पट्टीचे चार टाके अलगद उसवले. कापड दुमडलेलं होतं तिथे उजेडाकडे धरलं. मग काखेतली शिलाई. मग कॉलरच्या खाली. वैशू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पिठाची परात. तिनं ती खालीही ठेवली नव्हती.

"हा पहिल्यापासून पांढरा हाय," बाबा म्हणाले. "एक धागा निळा नाही. उडालेला नाही हा."

त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. त्यांच्या कामात ते कधी चुकत नाहीत. बाबांच्या त्या खऱ्या वाक्यावरून खोटा निष्कर्ष काढणारा मी होतो.

"म्हणजे दुकानातली हाय," मी म्हणालो. "भारत पांढऱ्यात खेळतच नाही. मी पाहिलं सगळं."

वैशू म्हणाली, "सरांनी सांगितलं ना कावून पांढरी हाय ते."

"सांगायले काय, कोणीही सांगते."

"तू विचारलं का कोणाले? की फोटोच पाहून राहिला?"

मी विचारलं नव्हतं. कोणाला विचारायचं हेही माहीत नव्हतं. आमच्या ओळखीत रग्बी माहीत असलेला एकच माणूस होता आणि त्याच्यावरच तर संशय होता.

बाबांनी उसवलेले टाके पुन्हा स्वतः घातले. इतके बारीक की शोधून सापडू नयेत.

संध्याकाळी मी वही आणि जर्सीची पिशवी घेऊन बांधीवर गेलो. एकटा गेलो असतो तरी चाललं असतं. पण काका होते, अजून चार जण होते. मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आकाशी, गडद, केशरी बाही. शेवटच्या पानापर्यंत. सरांनी वही हातात घेतली, पानं उलटली. "मेहनत किए हो, बेटा," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की काय हे मी नंतर कितीदा तपासलं. नव्हता. मग त्यांनी जर्सीची घडी घातली आणि वैशूकडे दिली. "रख ले। प्रैक्टिस में पहनना।"

यावरही आम्ही संशयच घेतला. घरी येताना काका म्हणाले, "पाहिलं? खरी असती तं दिली असती का?" आणि मला ते पटलं.

वैशू गेली नाही. दुलारी गेली. दुलारीची आई कुम्हारीच्या राईस मिलमध्ये कोंडा भरायच्या कामावर होती. तिनं सरांना काही विचारलं नाही, कागद दिला, अंगठा दिला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मला तेव्हा तिची कीव आली होती. तिच्या घरात शोधून पाहायला कोणी शिकलेला मुलगा नव्हता.

नवव्या दिवशी दुलारी परत आली. तिचा कागदही परत आला, पारदर्शक पाकिटात, कोपरासुद्धा न दुमडलेला. मी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला होता. मूळच होता. मला बरं वाटायला हवं होतं. मी मनाशी म्हणालो, एकदा परत देतील, विश्वास बसेल, मग पुढच्या वेळी घेऊन पळतील. संशयाचं एक आहे, त्याला कोणताही पुरावा चालतो.

पुढच्या वेळी सर नव्हतेच. शाळेचं त्यांचं काम संपलं, ते गावाकडे गेले म्हणे. काही दिवसांनी त्यांचा फोनही लागेना. बांध्यांवर दगड आले. दुलारीला कुठल्याशा वसतिगृहात घेतलं, ती तिकडेच राहू लागली. वैशू आता नर्सिंग शिकते. पावर हाउसच्या स्टॉपवरून बस पकडते, संध्याकाळी येऊन पाय धुते, रग्बीचं नाव काढत नाही. माझ्याशी नीट बोलते. इतकं नीट की मला कधी कधी तिनं एकदा तरी भांडावं असं वाटतं.

एक गोष्ट मात्र मी पाहत आलो. आमच्याकडे पांढरे कपडे दोरीवर टाकले की दुपारपर्यंत त्यांच्यावर कारखान्याच्या चिमण्यांची बारीक भुकटी बसते. पांढरा इथे पांढरा राहत नाही. वैशू ती जर्सी थंडीत स्वेटरच्या आत घालते आणि धुतली की आतल्या खोलीत, खिडकी लावून वाळवते. दोन वर्षांत एकदाही बाहेर टाकली नाही. दुकानातल्या खोट्या कापडाला कोणी इतकं जपत नाही. हे मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी सांगायला फार लाज वाटते. आमच्या घरी नागपूरकडचे पाहुणे आले की दोन चांगल्या चादरी त्यांना जातात आणि आम्ही पोत्यावर झोपतो. गादीजवळचा पंखा त्यांचा. आई सगळ्यांत शेवटी जेवते. आम्हाला कोणी हे शिकवलं नाही, यात काही विशेष आहे असंही वाटत नाही. मेश्राम काकांच्या घरीही हेच. आणि तरी, घर आमचं होतं म्हणून रंग आम्ही बदलला, एवढं साधं वाक्य आमच्यापैकी एकालाही खरं वाटलं नाही. माझ्या आईला कोणी विचारलं असतं तर तिला कदाचित कळलं असतं. तिला विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

आता बातमी.

काल दुपारी दुलारीनं फोटो पाठवला. मैदान आपल्याच देशातलं. मैदानात उतरलेल्या सात मुली खांद्याला खांदा लावून उभ्या, डावीकडून तिसरी दुलारी, तोंड उघडं, बहुतेक गात असावी. खाली तिनं लिहिलं होतं, "भैया, इंडिया।" सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या जर्सी होत्या. मागे, जरा धूसर, दुसरा संघ उभा होता, निळ्यात.

माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहितो: हा फोटो खोटा असेल.

मग मी फोन केला. तिकडे फार गलका होता. मी अभिनंदनही न करता विचारलं, सफेद क्यों? ती हसली. "सामने वाले भी नीले थे, भैया। घर हमारा था ना।"

मी वही काढली. दुरून काढलेल्या त्या फोटोपुढची ओळ पुन्हा वाचली. रंग पाहून मी आपली माणसं ओळखली होती. चेहरे मोठे करून पाहिलेच नव्हते. तो फोटो मी रात्र पडेपर्यंत शोधला. आता सापडत नाही.

बाबांना दुलारीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, खूप वेळ पाहिला, आणि म्हणाले, "सरांचा नंबर हाय का कोणापाशी?" कोणापाशीच नव्हता. दुलारीही तोच विचारत होती.

वैशू बसमधून उतरून आली तेव्हा मी फोन तिच्या हातात दिला आणि बाजूला उभा राहिलो. तिनं दुलारीला पाहिलं, हसली. मग एका मुलीवरून दुसरीवर असं बोट सरकवत गेली. मुली समोरून उभ्या होत्या, नंबर पाठीवर.

"अकरा कोणाले दिला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, विचारून सांगतो. उत्तर आज सकाळी आलं. ओडिशाची एक मुलगी आहे, दुलारीनं लिहिलं होतं, फार जोरात पळते, पकडूच देत नाही.

मी ते वैशूला वाचून दाखवलं. ती वेणी घालत होती. थांबली नाही.

"पळू दे तिले," ती म्हणाली. मग आतल्या खोलीत गेली, खिडकी उघडली, आणि जर्सी आणून अंगणातल्या दोरीवर टाकली.